सारवण आणि सी-बिट

रामबागेतल्या जुन्या घरात आजी सारवायला बसली की आतल्या भिंतीपासून सुरू करून मागे सरकत सरकत उंबरठ्याशी येई. आपण बसलोय ती जागा सारवता येत नाही ना.

लिनक्स कर्नलही (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अगदी हेच करतो. एएमडीच्या प्रोसेसरवर एसएमई (रॅममधला डेटा एन्क्रिप्ट करून ठेवायची सोय) चालू असलं की मेमरी कंट्रोलरमधलं एईएस इंजिन रॅममध्ये जाणारा डेटा एन्क्रिप्ट करतं. मेमरीचं कुठलं पेज, म्हणजे कुठला तुकडा, एन्क्रिप्ट करायचं ते पेज टेबलातला (मेमरीच्या पत्त्यांच्या नोंदवहीतला) सी-बिट ठरवतो; तो लावून वाचलं की डेटा डिक्रिप्ट होऊन येतो. कर्नलमध्ये ही सोय २०१७ साली, ४.१४ मध्ये आली. अडचण अशी, की बूटलोडर (मशीन सुरू होताना कर्नल आणणारा प्रोग्रॅम) कर्नलला मेमरीत उघडाच, एन्क्रिप्ट न करता, आणून ठेवतो. मग कर्नल कॉपी करणारं एक छोटं रूटीन बाजूच्या जागेत नेतो आणि तिथून स्वतःलाच जागच्या जागी एन्क्रिप्ट करतो: २ एमबीचा तुकडा उघड्या मॅपिंगमधून (सी-बिट नसलेल्या नोंदीतून) वाचायचा, मधल्या बफरात ठेवायचा, सी-बिटवाल्या मॅपिंगमधून त्याच पत्त्यावर परत लिहायचा. इतका देखणा कोड मी फार कमी पाहिलाय.

मागच्या आठवड्यात मात्र माझाच पॅच (कर्नलच्या कोडमधला बदल) अडला. फर्मवेअरनं (मदरबोर्डवरच्या, बूटलोडरच्याही आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरनं) दिलेलं एक टेबल सुरुवातीलाच वाचायचं होतं. मशीन तिथेच गोठायचं, आणि सीरियल कन्सोलवर टेबलाची लांबी दर वेळी नवीच, अवाढव्य. रॅम खराब असणार म्हणून स्टिका काढून बदलून पाहिल्या. त्यात दोन रात्री गेल्या. मग 'मेम_एन्क्रिप्ट=ऑन' हा एसएमई चालू करणारा पर्याय काढून बूट केलं, तर सगळं सुरळीत!

तेव्हा डोक्यात उजेड पडला. एन्क्रिप्शनची किल्ली दर रीसेटला नवी तयार होते. टेबल फर्मवेअरनं उघडं लिहिलेलं, मी ते सी-बिट लावून वाचत होतो. म्हणजे साध्या मजकुरावर डिक्रिप्शन चालत होतं, दर वेळी वेगळ्या किल्लीनं. दोन्ही मॅपिंगमधून पहिले १६ बाइट छापले: उघड्यात टेबलाच्या सहीची (ओळखखुणेची) चार अक्षरं स्वच्छ, सी-बिटवाल्यात नुसता कचरा.

मला फसवलं ते इनिटआरडीनं (बूट होताना लागणाऱ्या फायलींच्या गठ्ठ्यानं). तोही बूटलोडरच आणतो, पण त्याला कर्नल स्वतःबरोबर एन्क्रिप्ट करून घेतो, म्हणून तो सी-बिटनं नीट वाचता येतो. टेबलाचंही तसंच असेल, असं मी धरून चाललो होतो.

पॅचमध्ये एकच कॉल बदलला, सी-बिट न लावता वाचणारा 'अर्ली_मेमरीमॅप_डिक्रिप्टेड' वापरला. आणि वर दोन ओळींची कॉमेंट टाकली: हे पेज फर्मवेअरनं लिहिलंय, आपण नाही.