डांगर, नाचणी आणि ओलावा : चिवड्याच्या बिस्किटांची आतापर्यंतची नोंद

कुत्र्यासाठी भाजीची बिस्किटं करायला घेतली की चवीचा प्रश्न फारसा येत नाही. आमचा चिवडा (देशी, वजन १८ किलो, अंगावर पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांची पखरण, म्हणून हे नाव) किसणीखाली पडलेली गाजराची सालंही सोडत नाही. खरं भांडण असतं ते पाण्याशी. डांगरात, म्हणजे लाल भोपळ्यात, नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, दुधीत त्याहून जास्त. ते बिस्किटातून पुरतं गेलं नाही, तर चार दिवसांत डब्याचं झाकण उघडताच नाकाला कळतं. थंडीत सुरू केलेला हा उद्योग आता श्रावणापर्यंत आलाय. काय जमलं आणि काय सोडून दिलं, ते लिहून ठेवते.

थंडीतलं प्रमाण अजूनही तेच आहे : २०० ग्रॅम नाचणीचं पीठ, १५० ग्रॅम शिजवून घोटलेलं डांगर, एक अंडं आणि चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट. मीठ नाही, गूळ नाही, सोडा किंवा बेकिंग पावडर नाही. नाचणी पेठ-सुरगाण्याकडची मिळाली की मी गिरणीतून जरा जाडसर दळून आणते. गव्हाशी माझं वैर नाही, बहुतेक कुत्र्यांना तो चालतो. पण नाचणीचं बिस्किट वाळल्यावर जसं कटकन मोडतं तसं गव्हाचं मोडत नाही, चिवट राहतं.

नाचणीची अडचण एकच, तिला चिकटपणा नाही. लाटायला गेलं की कडा फाटतात. यावर उपाय आपल्याच स्वयंपाकघरात होता : उकड. डांगर घोटून पातेल्यात परत तापवायचं, कडेने बुडबुडे आले की निम्मं पीठ त्यात टाकून झाकण ठेवायचं आणि गॅस बंद. दहा मिनिटांनी उरलेलं पीठ घालून कोमट असतानाच मळायचं. अंडं घालायचं असेल तर ते गोळा पुरता निवल्यावर, नाहीतर त्याची भुर्जी होते. खरं तर उकड नीट बसली की अंडं नसलं तरी चालतं. शेजारच्या काकूंच्या घरात अंडं येत नाही, त्यांच्या पॉमेरियनसाठी मी तशीच करून देते. म्हाताऱ्याला दात कमी उरलेत, त्यामुळे त्या बिस्किट कोमट पाण्यात बुडवून भरवतात.

भाजायचं दोन टप्प्यांत. आधी ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १६० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. एवढ्यावर बाहेरून ती अगदी तयार दिसतात, पण एक मोडून उजेडात धरा. मधोमध गडद, ओलसर रेघ दिसते. बुरशी तिथूनच सुरू होते. म्हणून मग १०० अंशांवर तास-दीड तास, दारात लाकडी चमचा अडकवून, म्हणजे वाफ बाहेर पडत राहते. किती वेळ हे घड्याळावर सोडणं मी बंद केलं आणि वजनकाट्यावर आले. वरच्या प्रमाणाचा कच्चा गोळा साधारण ४१५ ग्रॅम भरतो. त्यातला कोरडा ऐवज हिशेबाने २२० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सगळी बिस्किटं मिळून २४० ग्रॅमपर्यंत उतरली, की आत नावापुरता ओलावा उरला असं समजायचं. काटा २८० दाखवत असेल तर ट्रे परत आत. घरात ओटीजी असेल आणि काटा नसेल, तर पुढचा खर्च आधी काट्यावर करा, छापे-साचे नंतर. मी अजूनही करंजीच्या कातण्याने शंकरपाळ्यासारखे चौकोन पाडते, चिवड्याला हाडाच्या आकाराचं काही कौतुक नाही.

गाजराचा किस पिळून वापरायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. मी पिळत नाही. किस कोरड्या कढईत मंद आचेवर परतते, हाताला चिकटेनासा झाला की उतरवते. मटार थंडीत स्वस्त असतो तेव्हा वाफवून ठेचून घालते, रंग सुंदर येतो. बीट एकदा घालून बघा, पण दुसऱ्या दिवशी फिरायला नेल्यावर घाबरू नका, खालून लालच निघतं. पालक मी थोडाच घालते, आणि मुतखड्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला पालक किंवा बीट दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, दोन्हींत ऑक्झलेट भरपूर.

आता आपल्या नाशकाचं वेगळंच दुखणं. जिल्हा ओळखला जातो तो द्राक्षं आणि कांद्यासाठी, आणि कुत्र्याच्या तोंडापासून लांब ठेवायच्या यादीत हीच दोन नावं वर. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि अमुक इतकी चालतील असं सुरक्षित प्रमाण नाही. त्यातल्या टार्टरिक आम्लावर संशय आहे, हे २०२१ पासून पुढे आलं. तेच आम्ल चिंचेत असतं, म्हणून चिंचही बाद. हंगामात घरोघरी पेटी आलेली असते, पाहुणे प्रेमाने एखादा मणी खाली टाकतात. जानेवारी ते एप्रिल मी चिवड्याला बैठकीत येऊच देत नाही, कोणाला रुसायचं तर रुसू दे.

कांद्याचं तर आणखी अवघड, कारण तो दिसत नाही. कांद्या-लसणातल्या गंधकयुक्त घटकांमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवला, तळला, वाळवला तरी गुण जात नाही, उलट वाळवलेल्या पुडीत तो थोडक्या वजनात जास्त असतो. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात ठळक बदल दिसल्याची नोंद आहे. चिवड्याच्या वजनाला हे तीन-चार मध्यम कांदे झाले, पण त्याच्या जवळपास जायचंच कशाला? आदल्या दिवशीची उरलेली दुधीची भाजी बिस्किटात ढकलायचा मोह होतो, तो टाळा, फोडणीत काय काय गेलंय कोण सांगणार. माझी बिस्किटाची किसणी आणि मिक्सरचं छोटं भांडं वेगळं आहे. वाटणाचं भांडं कितीही घासलं तरी झाकणाच्या रबराखाली लसूण राहतोच, वास घेऊन बघा.

शेंगदाण्याबद्दल दोन शब्द. विकतच्या पीनट बटरमध्ये काही वेळा झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं. कुत्र्याची साखर त्याने धाडकन खाली येते, यकृतालाही इजा होते. घरचं कूट केव्हाही बरं. पण दाणे निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेला, खवट दाणा फेकायचा. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाला कुत्री माणसापेक्षा नाजूक असतात.

एप्रिल-मे मध्ये खरी मजा आली. गच्चीवर सांडगे, कुरडया पडतात, तसं मी डांगर, गाजर, दुधी आणि गिलक्याच्या पातळ चकत्या सुती फडक्यावर टाकल्या, वरून दुसरं फडकं. नाशकाची कोरडी हवा अशा वेळी कामाला येते, दोन-तीन कडक उन्हांत दुधीची चकती कागदासारखी वाजते. वाळवायच्या आधी दुधी आणि गिलक्याचा तुकडा जिभेवर ठेवून बघायचाच, कडू लागला तर अख्खा फेकायचा. ते कडू द्रव्य माणसाला बाधतं तसंच कुत्र्याला. वाळलेलं सगळं मिक्सरला फिरवून पूड केली आणि बरण्या भरल्या. एक किलो दुधीची पूड मूठ-दोन मुठी होते, ते बघून आधी वाईट वाटतं.

पावसाळ्यात याच बरण्यांनी तारलं. आषाढात ओल्या डांगराची बिस्किटं २४० वर आणली तरी ट्रेमध्ये निवता निवताच हवा पिऊन मऊ पडत होती. आता ४० ग्रॅम पूड, १६० ग्रॅम पीठ आणि मळण्यापुरतं गरम पाणी, एवढंच. पाणी मी घालते तेवढंच असल्यामुळे दुसरा टप्पा पाऊण तासात उरकतो, आणि मध्येच लाईट गेली तरी बॅच वाया जात नाही. निवायलाही बाहेर ठेवत नाही, ओटीजी बंद करून आतच राहू देते आणि कोमट असताना थेट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. आठवड्यापुरती बाहेर, बाकीची फ्रीजरला.

किती द्यायची हे सगळे विचारतात, तर हा हिशेब. दिवसाच्या उष्मांकांपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत. चिवड्यासारख्या १८ किलोच्या, नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या कुत्र्याला अंदाजे ९८० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊला ९८. डांगराच्या प्रमाणात एकूण साधारण ८४५ कॅलरी होतात आणि मी त्याची ६० बिस्किटं पाडते, एक पडतं १४ ला. दिवसाला सात, बस्स. त्यातली निम्मी आमचे बाबाच सकाळच्या चहाबरोबर त्याला देऊन मोकळे होतात, त्यामुळे माझ्या वाट्याला ‘बस’ आणि ‘थांब’ शिकवायला तीनच उरतात.

सध्या फरसबीची पूड अडलीय. पावसात ऊन नाही आणि ओटीजीत ७० अंशांखाली काटा स्थिर राहत नाही, शेंगा वाळायच्या आधी तांबूस होतात. कोकणात किंवा इगतपुरीकडे राहून कोणी पावसाळ्यात भाजी वाळवत असेल, तर कशी ते कळवा. वाळवणयंत्र घ्यायला सांगणार असाल तर किती जाळ्यांचं आणि वीज किती खातं, तेही लिहा.