नुमा खरोखर होऊन गेला का?

रोमच्या प्राचीन धर्माविषयी मी बोललो की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो: रोमचा दुसरा राजा नुमा पॉम्पिलियस खरोखर होऊन गेला का, आणि त्याचा पुरावाच नसेल तर त्याच्यावर एवढा वेळ का घालवायचा? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून हे उत्तर.

परंपरेनुसार त्याची कारकीर्द इ.स.पू. ७१५ ते ६७३ अशी धरतात. त्या काळातील एकही लेख त्याचे नाव सांगत नाही आणि रोमन इतिहासकार लिव्हीने त्याचा वृत्तान्त लिहिला तो सुमारे साडेसहाशे वर्षांनी. त्यामुळे रोमच्या शेजारच्या सॅबाइन लोकांच्या क्युरेस या नगरातून बोलावून आणलेला, एगेरिया या वनदेवतेचा रात्री सल्ला घेणारा हा राजा इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, हे मी मान्य करतो.

त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या संस्था मात्र निःसंशय खऱ्या होत्या. ज्युपिटरचा पुरोहित, धर्मविधींवर देखरेख ठेवणारा पाँटिफेक्स, युद्धदेव मार्सच्या पवित्र ढाली घेऊन नाचत जाणारे सॅलिआय पुरोहित, युद्ध नसेल तेव्हाच दारे मिटणारे, द्वारदेव जेनसचे देवालय, हे सारे नुमाने घालून दिले असे रोमन मानत. व्हेस्टा या चुलीच्या देवतेचा अग्नी तर तिच्या कुमारी पुजारिणींनी इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत राखला. एवढ्या जुन्या आचारांना कोणीतरी कर्ता हवा होता आणि रोम्युलससारख्या लढवय्या पहिल्या राजाकडे ते श्रेय देणे रोमनांना पटले नसावे.

मला सर्वांत बोलकी वाटते ती इ.स.पू. १८१ मधील घटना. जानिक्युलम टेकडीच्या पायथ्याशी ल्युसियस पेटिलियस नावाच्या लेखनिकाच्या शेतात खोदताना दोन दगडी पेट्या सापडल्या. एकीवर नुमाचे नाव होते, पण ती रिकामी होती. दुसरीत धर्मविधींविषयीचे सात लॅटिन आणि तत्त्वज्ञानाचे सात ग्रीक ग्रंथ होते, आणि ते अगदी नवेकोरे दिसत होते, असे लिव्ही सांगतो. प्रेटरने, म्हणजे रोमच्या न्यायाधिकाऱ्याने, ते वाचले आणि यातील बराच भाग प्रचलित धर्म मोडीत काढणारा आहे, असे शपथेवर सांगण्याची तयारी दाखवली. सिनेटला तेवढे पुरेसे वाटले. ग्रंथ भर कोमिटियममध्ये, म्हणजे रोमच्या सभास्थानी, लोकांदेखत जाळले गेले. पेटिलियसला भरपाई देऊ केली, ती त्याने घेतली नाही.

ते ग्रंथ बनावट असावेत, असेच मलाही वाटते. परंतु सिनेटने ते बनावट ठरवून जाळले नाहीत. धर्माला घातक ठरवून जाळले. म्हणजे प्रत्यक्ष संस्थापकाचा शब्द जरी हाती आला, तरी त्याच्या नावाने चालत आलेल्या विधींपुढे तो टिकणार नव्हता. रोमनांनी ज्या नुमाला जपले, तो त्या विधींतच होता, आणि मी वेळ घालवतो तो त्याच नुमाला समजून घेण्यासाठी.