आरोयो सेकोच्या दरीतला डबा

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला लागून असलेल्या अल्टाडेनातून एक पायवाट सॅन गॅब्रिएल डोंगरांत शिरते. तिचं नाव गॅब्रिएलिनो ट्रेल. सुरुवातीला डाव्या हाताला, ओढ्यापलीकडे, जेपीएल ही मंगळावर गाड्या उतरवणारी प्रयोगशाळा दिसते. तिची पाळंमुळंही याच आरोयो सेको दरीत आहेत. ३१ ऑक्टोबर १९३६ रोजी कॅलटेक या विद्यापीठाशी संबंधित काही तरुणांनी इथे पहिल्यांदा रॉकेटचं इंजिन पेटवून पाहिलं होतं. प्रयोगशाळा मागे पडली की दरी अरुंद होते आणि सिकमोर, अल्डर, ओक यांची सावली सुरू होते. मधूनच दगडी जोती दिसतात. शंभर वर्षांपूर्वी इथे लोकांची सुट्टीतली घरं होती, रस्ताही होता. १९३८ च्या पुराने तो रस्ता वाहून नेला.

आम्ही मायलेकी या वाटेवर खजिना शोधायला जातो.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. पूर्वी अमेरिकी सैन्य जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती चूक काढून टाकली गेली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमध्ये, पोर्टलंडजवळच्या रानात, एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत पुस्तकं, थोडे पैसे, खाण्याचा एक डबा आणि गलोल होती. सापडेल त्याने हवं ते घ्यावं, बदल्यात काही ठेवावं आणि वहीत नोंद करावी, एवढीच अट. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत.

आमच्या दरीतल्या डब्याच्या माहितीत तिबुर्सिओ वास्केझ या दरोडेखोराची गोष्ट लिहिलेली आहे. एप्रिल १८७४ मध्ये त्याने लॉस अँजेलिसजवळ रेपेट्टो नावाच्या मेंढपाळ जमीनदाराला लुटलं. घरात रोकड पुरेशी नव्हती, म्हणून चेकवर सही घेऊन एका पोराला शहरातल्या बँकेत पाठवलं. पोराची घाबरगुंडी पाहून बँकेला संशय आला आणि शेरिफची माणसं निघाली. वास्केझ याच दरीतून डोंगरात पसार झाला. १४ मे रोजी तो पकडला गेला आणि १९ मार्च १८७५ रोजी सॅन होझेत फासावर गेला. त्याने लूट या डोंगरांत पुरून ठेवली, असं लोक अजून सांगतात. मला ते पटत नाही. त्या दिवशी हाती लागलेली रक्कम काही शे डॉलर, आणि मागावर घोडेस्वार. पुरायला वेळ कुठला? पण स्पॅनिश बोलणाऱ्या अनेकांना तो आपला माणूस वाटायचा, तुरुंगात त्याला बघायला गर्दी लोटायची. अशा माणसाचं धन लोक सहजासहजी संपू देत नाहीत.

खोल दरीत जीपीएसचा सिग्नल कड्यांवर आपटून येतो, त्यामुळे फोनवरचा बाण भरकटतो. एका जागी तो ओढ्याच्या या काठाला दाखवतो, दोन पावलं पुढे गेलं की त्या काठाला. तिथून पुढे डोळेच वापरावे लागतात. कुठे दगड जरा जास्तच नीट रचलेत? ढोलीत पालापाचोळा कोणी हाताने भरलाय का? पॉयझन ओकच्या तीन-तीन पानांच्या झुडपाला हात लागू द्यायचा नाही, कारण त्याने अंगाला भयंकर खाज सुटते.

"आई, ही साल इथली नाही," लेक म्हणाली. ओकच्या मुळांमध्ये सिकमोरची साल टेकवलेली होती. तिच्यामागे रंगीत चिकटपट्टी गुंडाळलेला डबा.

आत कोणीतरी काढलेलं घोड्याचं चित्र, दोन गोट्या आणि वही. एका नोंदीत लिहिलं होतं, "पावसाने वही भिजली होती. वाळवली, नवी पिशवी घातली." खाली नाव नाही, फक्त तारीख. ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. न पाहिलेल्या माणसांसाठी कोणीतरी उन्हात बसून वही वाळवली होती.

मला आपल्याकडचं गुप्तधन आठवलं. मोहरांचे हंडे आणि त्यांवरचे नाग मी आजीच्या तोंडून ऐकलेत आणि मला ते अजूनही प्रिय आहेत. पण त्याच गोष्टींपायी पहारी घेऊन गडांवरची जोती उखडली जातात, देवळांच्या पायऱ्या खणल्या जातात, तेव्हा जीव तुटतो. दहा रुपयांहून जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असं १८७८ चा कायदा सांगतो. धनापायी होणारे अघोरी प्रकार थांबवण्यासाठी महाराष्ट्राला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं.

म्हणून या खेळातला एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. डबा लपवायला किंवा शोधायला जमीन खणायची नाही. झाडालाही खिळा ठोकायचा नाही, आणि ज्याची जमीन असेल त्याची परवानगी घ्यायची.

पुण्या-मुंबईकडेही असे डबे आहेत. फोनवर ॲप घ्या, नकाशा उघडा, घराजवळचा एखादा सापडेल. आम्ही डिसेंबरात पुण्याला येतोय आणि लेकीने आतापासूनच तिथल्या डब्यांची यादी केली आहे. भाचरांना सांगून ठेवलंय, सकाळी लवकर निघायचं आणि पेन आपापलं आणायचं. लहान डब्यांत ते नसतं.