तुम्ही विचारलंत म्हणून: सुबान की वेबर

मंडळाच्या गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, एवढंच कशाला, मागे एकाच्या घरी बारशाला गेलो तर तिथेही कुणीतरी गालातल्या गालात हसत विचारलंच, "काय मग, सुबानला दिलं ते बरोबर की चूक?" म्हणजे आपल्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने, इथल्या आईस हॉकी टीमने, आपला डिफेन्समन (बचावपटू) सुबान दुसऱ्या टीमला देऊन वेबर घेतला, ते. आणि बाकीचे प्लेट हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत उभे, कारण हा आता सुटला की अर्धा तास थांबत नाही हे अख्ख्या मॉन्ट्रियलच्या मराठी मंडळींना माहितीये. तुमचा टाईमपास होतो, होऊ दे, माझं काही म्हणणं नाही. पण दरवेळी मी दोन वाक्यं बोलतो न बोलतो तोच कुणीतरी "अरे पण वेबर हॉल ऑफ फेममध्ये गेला ना" म्हणून मध्येच तोडतं आणि माझा मुद्दा राहतो तो राहतोच. म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

29 जून 2016ला काय झालं ते तुम्हाला पाठ आहे. एकाला एक, सरळ अदलाबदल, पी. के. सुबान नॅशव्हिलला आणि शे वेबर आपल्याकडे. माझी चिडचिड नेमकी कशावर आहे ते तरी नीट ऐका. वेबर वाईट होता असं मी कधीच म्हटलं नाही, परत सांगतो, कधीच नाही. त्याचा स्लॅपशॉट, म्हणजे स्टिक मागे नेऊन मारलेला जोरदार फटका, ताशी 108 मैलांच्या वर जायचा, समोर उभं राहायला कुणी धजत नसे, मान्य. पण तो तिशीचा, सुबान सत्तावीसचा. वेबरचं काँट्रॅक्ट 2026 पर्यंतचं, म्हणजे गडी चाळिशीला टेकेपर्यंत पैसे मोजायचे. आणि दोनच दिवसांनी, 1 जुलैपासून, सुबानच्या काँट्रॅक्टमधलं ते कलम लागू होणार होतं, त्याच्या मर्जीशिवाय त्याला कुठेही पाठवता आलं नसतं. दोन दिवस! ह्याला घाई नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? त्याच्या आदल्या सप्टेंबरमध्ये ह्याच माणसाने इथल्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलसाठी 1 कोटी डॉलर उभे करायचा शब्द दिला होता. शहर सोडायचं मनात असलेला माणूस असं करतो का?

मग कशासाठी पाठवलं? इथे आलो की आपली मंडळी एकदम समंजस होतात. "त्याचं वागणं बरोबर नव्हतं रे." "ड्रेसिंग रूममध्ये जमत नव्हतं म्हणे." "जरा जास्तच करायचा." काय जास्त करायचा? गोल झाला की आनंद करायचा, कपडे भारी घालायचा, कॅमेऱ्यासमोर हसून बोलायचा. फेब्रुवारी 2016ला कोलोराडोविरुद्ध शेवटच्या मिनिटांत ब्लू लाईनवर, बर्फावरच्या निळ्या रेषेवर, तोल गेला, पक (हॉकीची रबरी चकती) हातचा गेला, त्यांनी गोल मारला, आपण 3-2 हरलो. होतं असं. पण कोच थेरियनने त्याला उरलेला वेळ बाकावर बसवलं आणि मॅचनंतर पत्रकारांसमोर पराभवाचं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडलं. त्या सीझनला आपला गोलकीपर केरी प्राइस नोव्हेंबरपासून जखमी, टीमचा पार बोऱ्या वाजलेला, आणि दोषी कोण, तर एक डिफेन्समन.

सुबान कृष्णवर्णीय. मी त्याच्या रंगाचा विषय काढला की तुम्ही नजर चुकवता, ते मला दिसतं. सिद्ध करता येणार नाही, मलाही माहितीये, आणि मी तसा आरोपही करत नाहीये. एवढंच म्हणतो की "जरा जास्त करतो" हे वाक्य मी इथल्या ऑफिसात स्वतःबद्दल ऐकलंय, आणि त्यानंतर मीटिंगमध्ये आवाज खाली ठेवायला शिकलोय. तुमच्यापैकीही बरेच शिकलेत. सुबान शिकला नाही. तो मला का आवडायचा हे आता तरी कळलं का?

आता ते 2 मार्च 2017चं प्रकरण. माझा तो मित्र, वेबर पार्टीचा म्होरक्या, तुम्ही सगळे ओळखता, त्याच्या ऑफिसातून दोन तिकिटं आली होती, अगदी वरच्या मजल्यावरची, तिथून खेळाडू मुंगीएवढे दिसतात. सुबान नॅशव्हिलकडून पहिल्यांदाच बेल सेंटरला, आपल्या टीमच्या स्टेडियमला, खेळणार होता. मी लाल जर्सी घातली, 76 नंबरची, पाठीवर सुबान. मेट्रोत दोन पोरांनी थम्स अप दिला, एका म्हाताऱ्याने फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटलं, ते चांगलं नसावं. मॅचच्या आधी मोठ्या स्क्रीनवर त्याचा व्हिडिओ लावला. हळूहळू सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि टाळ्या थांबेचनात. स्क्रीनवर त्याचा चेहरा आला, डोळे भरलेले, आणि तो ओठ आवळून वर बघतोय. माझ्या बाजूची बाई, साठीची तरी असेल, हातातली बिअर सांडतेय ह्याचं भान नाही, नुसती ओरडतेय. मी रडलो की नाही ते विचारू नका. माझा मित्रसुद्धा उभा होता, हे त्याच्या वतीने मीच सांगतो, तो सांगणार नाही.

मग मॅच सुरू झाली आणि माझी पंचाईत झाली. पक सुबानकडे आला की हात आपोआप टाळीला जायचे, मग आठवायचं, अरे, हा आता आपल्या विरुद्ध खेळतोय. मित्र दर पाच मिनिटांनी माझ्याकडे बघून हसतोय. तिसरा पीरियड, 1-1, शेवटचे काही सेकंद उरलेले, ओव्हरटाईम नक्की असं वाटत असताना पॉल बायरनने गोल मारला. 2-1. आणि मी उडी मारली. विचार करून नाही, दोन्ही हात वर करून, घसा फाटेस्तोवर ओरडत, पाठीवर सुबानचं नाव घेऊन सुबान हरला म्हणून नाचलो. समोरच्या रांगेतल्या पोराने वळून माझी जर्सी बघितली आणि फिसकन हसला. मित्र म्हणाला, "आता बोल, तू नक्की कुणाचा?"

मी त्याला तिथे काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. येताना मेट्रोत आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि मला राग त्याचा नव्हता, त्या उडीचा होता. अजूनही ती चूक होती असं मला वाटत नाही. टीम माझी आहे. पण ज्यांनी त्याला हाकललं तीही हीच टीम, आणि ह्या दोन गोष्टींचा मेळ मला आजतागायत घालता आलेला नाही. 2024ला वानखेडेवर हार्दिकला मुंबईचेच लोक हूटिंग करत होते तेव्हा तुमच्यातल्या दोघातिघांनी मला फोन केला, "आता कळलं रे तुझं." नाही कळलं. हार्दिक परत आला म्हणून तुम्ही चिडलात, इथे उलटं आहे सगळं.

हिशोबच करायचा असेल तर करू. त्याच 2017ला नॅशव्हिल सुबानला घेऊन थेट स्टॅनले कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, फायनलला गेलं, पिट्सबर्गकडून सहा मॅचमध्ये हरलं. तेव्हा मी सगळ्यांना मेसेज टाकत सुटलो होतो, आठवत असेल. 2021ला वेबर कॅप्टन, आपण फायनलला, टॅम्पाकडून पाचात हरलो. तेव्हा तुम्ही मला मेसेज टाकलेत. वेबर तेव्हा अंगभर दुखणी घेऊन खेळत होता आणि त्यानंतर परत बर्फावर उतरलाच नाही, आणि खरं सांगतो, त्या उन्हाळ्यात 2016चा मी समोर आला असता तर त्याला म्हटलं असतं, बाबा रे, जरा तोंड आवर, हा माणूस बघ. त्याने लगेच उलट विचारलं असतं, मग त्या चार-पाच वर्षांत सुबान इथे असता तर? आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

पुढची गंमत तर कुणी बोलतच नाही. 2022ला वेबरचं नुसतं काँट्रॅक्ट वेगासला दिलं आणि डडोनॉव नावाचा खेळाडू आणला. डडोनॉव देऊन डॅलसकडून गुरियानॉव आणला. त्याला 2023च्या उन्हाळ्यात सोडून दिला आणि तो गेला कुठे? नॅशव्हिलला! म्हणजे साखळीच्या शेवटी आपल्या हातात भोपळा. तिकडे नॅशव्हिलनेही 2019ला सुबानला न्यू जर्सीला देऊन टाकलं, बदल्यात दोन पोरं आणि नवे खेळाडू निवडायच्या दुसऱ्या फेरीतल्या दोन संधी. कप त्यांना नाही, आपल्याला तर 1993 पासून नाही. कोण जिंकलं म्हणून मला काय विचारता!

वेबर हॉल ऑफ फेममध्ये गेला त्या दिवशी मित्राचा मेसेज आला, नुसता फोटो, खाली काही नाही. मी लिहिलं, अभिनंदन, पण नॉरिस ट्रॉफी, वर्षातल्या सर्वोत्तम डिफेन्समनची, सुबानकडे आहे, 2013ची, तुझा वेबर तीनदा शेवटच्या तिघांत येऊन हात हलवत परत आला. दोन मिनिटांत उत्तर, "सोची ऑलिंपिकला दोघंही कॅनडाच्या टीममध्ये होते, खेळत कोण होतं आणि बसलेलं कोण?" त्यावर मी कोचने बसवलं म्हणून बसला होता असं लिहिलं. तो म्हणाला, "सगळेच कोच चुकीचे का रे?" मग रात्री एकपर्यंत चाललं होतं.