चंदीगडचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स: ग्रुप न्यायचा तर आधी ऊन बघा

चंदीगडच्या सहलींत कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, म्हणजे विधानसभा, उच्च न्यायालय अशा सरकारी इमारतींचा परिसर, बहुतेक वेळा रॉक गार्डन आणि सुखना तलाव यांच्या मधल्या पाऊण तासात उरकतात. तिन्ही ठिकाणं जवळजवळ, त्यामुळे मोह होतो. पण शहराचा आराखडा करणारा वास्तुकार ल कॉर्बुझिए याचं हे काम समजून घ्यायचं, तर निम्मा दिवस तिथलाच हवा.

उच्च न्यायालय आणि विधानसभा समोरासमोर आहेत, मध्ये चारशेहून जास्त मीटरचा उघडा चौक. विधानसभेची दर्शनी बाजू आग्नेयेला, ती सकाळी उजळते. न्यायालयाची वायव्येला, म्हणून सकाळी तिथले हिरवा, पिवळा आणि लाल हे तीन अजस्र खांब सावलीत मलूल दिसतात. त्यांच्यासाठी दुपारची फेरी धरा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. तेव्हा दुपारीही या बाजूला जेमतेम ऊन लागतं, शिवाय सकाळी धुकं. ऑक्टोबर किंवा मार्च सगळ्यात चांगला. मे-जूनमध्ये त्या चौकात सावलीच नाही, वयस्कर मंडळींचे हाल होतात.

न्यायालयाच्या पार्किंगजवळ पर्यटन खात्याचं केंद्र आहे. तिथे नोंदणी करूनच गाइडबरोबर आत जाता येतं. फेऱ्या ठरावीक वेळी निघतात, वेळा आदल्या दिवशी फोन करून पक्क्या करा. प्रत्येकाकडे मूळ ओळखपत्र हवं, परदेशातून आलेल्यांकडे पासपोर्ट. एकाचं हॉटेलवर राहिलं की सगळे ताटकळतात, म्हणून बसमध्ये चढतानाच तपासा. विधानसभेत अधिवेशन चालू असेल तर इमारत बाहेरूनच पाहावी लागते. वीसाहून जास्त माणसं असतील तर दोन गट करा. मोकळ्या चौकात गाइडचा आवाज मागच्यांपर्यंत पोचत नाही.

काँक्रीटजवळ थांबू द्या. शटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचे, ठसे मुद्दामच तसे ठेवले आहेत, ते बघायला हात लावण्याइतकं जवळ जावं लागतं. विधानसभेच्या दर्शनी छपराचा आकार पन्हळीसारखा का, हे पावसाळ्यात गेलात तर आपोआप कळतं: छतावरचं पाणी त्यातून वाहत खालच्या तलावात पडतं. न्यायालयाच्या बाबतीत मात्र ऊन-पावसाचं गणित चुकलं. दर्शनी बाजू उघडी पडली आणि नंतर व्हरांडा जोडावा लागला. गाइड हे सांगेलच असं नाही, विचारा. ‘ओपन हँड’ हे उघड्या पंजाचं शिल्प २६ मीटर उंच आहे आणि वाऱ्याबरोबर फिरतं. ते उभं राहिलं १९८५ मध्ये, कॉर्बुझिएच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी.

सेक्टर १९ मधलं ल कॉर्बुझिए सेंटर आदल्या दिवशीच बघून घ्या, म्हणजे नकाशा डोक्यात असतो. सेक्टर ५ मधलं, कॉर्बुझिएचा चुलतभाऊ आणि सहकारी वास्तुकार पिएर जानरे याचं घरही आता संग्रहालय आहे. शहर उभं करण्यासाठी वर्षानुवर्षं इथे राहिला तो जानरेच. ग्रुपला हे घर चुकवू देऊ नका. दोन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात, तेव्हा सहल सोमवारी सुरू करू नका.