पट्टा, पोट आणि फुंकर

आज दिवसभर पट्टाच. पीएफटी (फुप्फुसांची क्षमता तपासणारी फुंकण्याची चाचणी) चालू असताना छाती खरंच किती हलते ते दाखवणारा, अंगाला पट्ट्यासारखा बांधायचा सेन्सर करतोय आम्ही, कारण नुसतं फुंकणं मोजणाऱ्या स्पायरोमीटरला तोंडातून आलेली हवा तेवढी कळते, माणसाने आधी छातीभर श्वास घेतला होता का अर्ध्यावरच फुंकायला लागला हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार.

पट्ट्यासाठी आधी घेतलेली कंडक्टिव्ह (वीज वाहून नेणाऱ्या) रबराची दोरी बाद. ताणली की रेझिस्टन्स बदलतो हे ठीक, पण सोडल्यावर मूळ आकड्यावर यायला इतकी रेंगाळते की श्वास सोडून झाला तरी ग्राफ आपला वरच. आता इलॅस्टिकवर नागमोडी शिवलेली तार आहे. छाती फुगली की तारेच्या वेढ्यातलं क्षेत्रफळ वाढतं, इंडक्टन्स (वेढ्याचा विद्युत-चुंबकीय गुणधर्म) बदलतो, त्याला जोडलेल्या ऑसिलेटरची (ठरावीक लयीत सिग्नल देणाऱ्या सर्किटची) फ्रिक्वेन्सी सरकते, ती मोजायची. शिवणकाम अर्थातच माझ्याकडे आलं (टीममध्ये मुलगी एकच ना!) आणि धागा जरा घट्ट ओढला की इलॅस्टिक ताणायचंच थांबतं.

पट्टे दोन हवेत यावर मात्र मी अडून बसले, एक काखेखाली, एक बेंबीवर. कोन्नो आणि मीड या संशोधकांनी 1967 मध्येच दाखवलंय की श्वासाचा हिशोब छाती अन् पोट असा दोन कप्प्यांत धरावा लागतो. पार्टनरला नाक-तोंड बंद करून पोट आत ओढायला लावलं, तर पोटाची रेघ खाली, छातीची झोकात वर, आणि हवा शून्य! एकच पट्टा असता तर त्याने हा मस्त श्वास म्हणून मोजला असता.

सर म्हणतात फिल्टर (सिग्नलमधले जलद चढउतार गाळणारा) 1 हर्ट्झवर आण, ग्राफ स्वच्छ दिसेल. दिसेल ना, शांत बसलेल्या माणसाचा, मिनिटाला 12 ते 20 श्वासांचा. पण जोरात फुंकताना निरोगी माणूस पहिल्या सेकंदातच 70-80 टक्के हवा बाहेर टाकतो, ती सुरुवातीची तीव्र उतरण गोल झाली तर मग मोजायचं काय? मी 10 वर ठेवलाय, मधे हृदयाचे ठोके दिसतात, दिसू देत, रिव्ह्यूला बघू काय बोलतात ते.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे, "फुंका फुंका, अजून अजून" म्हटलं की माणूस शेवटी पुढे वाकतोच आणि खालचा पट्टा सरकतो. त्यावर एक अ‍ॅक्सेलरोमीटर (हालचाल आणि कल ओळखणारा सेन्सर) चिकटवायचा विचार आहे, निदान वाकला हे तरी कळेल. पार्टनर म्हणतो खुर्चीलाच बांधू.