तुम्ही विचारलंत म्हणून: कॅल्शियम नॉर्मल, मग हाडं ठिसूळ कशी?

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते हे कळलं की ओळखीचे लोक रिपोर्ट पुढे करतात. "रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलंय, मग डॉक्टर हाडं ठिसूळ झालीत असं का म्हणतात?"

उत्तराची सुरुवात स्नायूपासून करू. आधी हात कोपरात वाकवा आणि तसाच धरून ठेवा. दंडाच्या पुढच्या स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कोपरापासून जेमतेम 4-5 सेंटिमीटरवर हाडाला चिकटलेली असते आणि तळहात त्याच्या 7-8 पट लांब. म्हणजे तळहातावर 1 किलो वजन ठेवलं, तर स्नायूला 7-8 किलोचा जोर लावावा लागतो. व्यवहार आतबट्ट्याचा, पण त्यामुळेच स्नायू जरासा आखडला तरी हात झरकन वर येतो. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलणं त्याला जमतच नाही. हात सरळ करायचं काम मागच्या स्नायूचं.

हे ओढणं सुरू होतं कॅल्शियममुळे. चेतातंतूचा निरोप आला की स्नायूपेशीतल्या पिशव्यांमधून ते सुटतं, ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यावरचा अडसर सरकतो आणि मायोसिन हे दुसरं प्रथिन तो धागा पकडून खेचतं. कॅल्शियम पुन्हा पिशवीत गेलं की स्नायू सैल. हृदयाचं मात्र नुसत्या घरच्या साठ्यावर भागत नाही. पेशीबाहेरचं कॅल्शियम नसेल तर बेडकाचं हृदय थांबतं, हे सिडनी रिंगर या ब्रिटिश डॉक्टरांनी 1883 मध्येच दाखवलं.

म्हणून रक्तातली पातळी साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅममध्ये (दर 100 मिलिलिटरला) राखली जाते. ती फार घसरली तर स्नायू ढिले पडतील असं वाटतं ना? होतं उलटंच. चेतातंतू उतावीळ होतात, ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात.

पहाऱ्याला असतात गळ्यातल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या 4 पॅराथायरॉइड ग्रंथी. पातळी उतरली की त्यांचं संप्रेरक मूत्रपिंडाला कॅल्शियम वाया घालवू देत नाही, ड जीवनसत्त्व कामाला लावून आतड्यातून जास्त शोषून घेतं आणि तरी भागलं नाही तर हाडं कुरतडायला लावतं. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडा-दातांतच असतं. ठेव मोडून घरखर्च चालवावा, तसं. कुरतडलेलं हाड एरवी पुन्हा भरलं जातं, पण रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटलं की ही भरणी कुरतडण्याला पुरी पडत नाही, आणि रक्ताचा रिपोर्ट तेव्हाही नॉर्मलच येतो. हाडांचं खरं काय ते घनता मोजणारी डेक्सा तपासणी सांगते.

हात खाली घेतलात तरी चालेल आता.